दात्याची धाव

डॉक्टर: आधी बसा बरं. उभ्याउभ्या ऐकायची गोष्ट नाही ही.

धाकटा: उभाच बरा आहे मी. ऑपरेशन पुढे ढकललं म्हणजे काय, मॅडम? किडनी माझी, द्यायला मी तयार, घ्यायला ताई तयार. मग अडलं कुठं?

डॉक्टर: तुमच्या रक्तात. पांढऱ्या पेशी वाढल्यात. सूज दाखवणारा आकडा चढलाय. लघवीतून प्रोटीन जातंय.

धाकटा: सूज? कुठाय सूज? हे हात बघा, पाय बघा. पोट सुटलं होतं, तेसुद्धा गेलं!

डॉक्टर: ही डोळ्यांना दिसणारी सूज नव्हे. ताप, खोकला, लघवीला जळजळ?

धाकटा: काही म्हणजे काही नाही.

डॉक्टर: तपासणीला रक्त दिलंत त्याच्या आदल्या दिवशी काय केलंत?

धाकटा: पळालो. टेकडीवर.

डॉक्टर: थांबलात कधी?

धाकटा: ओकलो तेव्हा.

डॉक्टर: आणि त्याच्या आदल्या दिवशी?

धाकटा: टेकडीच. रोजच टेकडी. वजन उतरवा, असं तुम्हीच म्हणालात की!

डॉक्टर: वजन उतरवा म्हणाले. स्वतःची सालं काढा, असं नव्हते म्हणाले.

धाकटा: ताईसाठी ठणठणीत माल द्यायचा होता मला. व्यायामानं कधी कुणाचं वाईट झालंय?

डॉक्टर: ऐका. व्यायाम करताना स्नायू नुसते आखडून सैल होत नाहीत, ते रक्तातून निरोप पाठवतात. बेताचा व्यायाम असला, की त्या निरोपांनी शरीरातली जुनी धुसफूस निवते. पण रोज जीव जाईस्तोवर पळायचं आणि मध्ये विसावा नाही, म्हणजे स्नायूंचे तंतू तुटतात. मग तेच टपाल निरोप नेतं, 'धावा, घात झाला!' पेशींची फौज निघते, आणि समोर शत्रू तर कुणीच नाही. तुटलेल्या तंतूंचा गाळ उपसायचा कुणी? किडनीनं. जी द्यायची आहे तिलाच तुम्ही राबवून घेताय.

धाकटा: म्हणजे नुसतं पळण्यानं झालंय ना हे? मग होऊ द्या ऑपरेशन.

डॉक्टर: पळण्यानं असेल. नाहीतर कुठेतरी जंतू दडलेला असेल. आज मला कसं कळणार? नवी किडनी टिकावी म्हणून तुमच्या ताईंची प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी दाबणार आहोत. तुमच्याबरोबर जंतू गेला, तर तो त्यांच्या अंगात मोकाट सुटेल.

धाकटा: तिला सांगितलंत?

डॉक्टर: ते तुम्ही सांगा. आणि पळणं बंद. चालायचं, तेही बरोबरच्या माणसाशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू.

(डायलिसिसची खोली. ताई खाटेवर आहे, हाताला नळ्या लावलेल्या.)

ताई: अरे, किती येरझाऱ्या घालशील? मशीनला घेरी येईल तुझ्यामुळं.

धाकटा: ताई, पुढे गेलं ऑपरेशन. माझ्यामुळं.

ताई: कळलं मला. नर्सच्या पोटात काही राहतं होय?

धाकटा: मग ओरड ना! अशी शांत नको पडूस.

ताई: ओरडायला ताकद कुणाकडं आहे? एक विचारू? खरं सांगशील?

धाकटा: विचार.

ताई: तुला नसेल द्यायची तर नको देऊस. मी काही मनात धरणार नाही. आजवर या मशीनवर निभावलंच की.

धाकटा: काय बोलतेस तू! मी काय टाळतोय असं वाटतं तुला?

ताई: टाळत नाहीस रे. पण लहानपणापासून बघतेय, मनाविरुद्ध काही आलं की तू पळतोस. परीक्षेच्या सकाळी पळायला गेलास. आई गेली तेव्हा खांदा दिलास आणि तिथूनच जो धावत सुटलास, तो अंधार पडल्यावर परतलास. भीती वाटते का?

धाकटा: रात्री पडलो की कुशीत हात जातो. इथं चिरतील, असं वाटतं. मग झोप कसली! उजाडायची वाट बघतो आणि टेकडी गाठतो. दम लागला ना, की दुसरं काही सुचत नाही बघ. तेवढाच काय तो आराम.

ताई: मला का नाही बोललास?

धाकटा: तुला? तू नळ्या लावून पडलेली, आणि मी तुझ्यापुढं रडगाणं गाऊ?

ताई: मीही घाबरलेय, बाबा. तुला काही झालं तर? माझ्यासाठी धाकटा भाऊ कापायला द्यायचा, हे काय सोपं आहे मला?

धाकटा: मला द्यायची आहे, ताई. घाबरत घाबरत, पण द्यायची आहे.

ताई: मग ऐक. संध्याकाळी घरी येत जा. मला फार चालवत नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत जमतं.

धाकटा: तुझ्या चालीनं? गोगलगाय पुढं जाईल आपल्या!

ताई: जाऊ दे तिला. तिला कुठं किडनी द्यायचीय!

* * *

डॉक्टर: आकडे खाली आलेत. पेशी जागेवर, लघवी स्वच्छ. जंतूचा कुठं मागमूस नाही. येत्या सोमवारी दोघांनी दाखल व्हा.

ताई: नक्की ना, डॉक्टर? याला काही…

डॉक्टर: धोका अजिबात नाही, असं कुठल्याच ऑपरेशनला म्हणत नाही मी. पण आता यांचं शरीर शांत आहे. मन कसं आहे, ते यांनाच विचारा.

धाकटा: मन अजून उड्या मारतंय, मॅडम. तुमची परवानगी असेल तर सोमवारपर्यंत…

डॉक्टर: टेकडी नाही!

धाकटा: टेकडी नाही हो. हिला घरी नेतो. चालत.

ताई: रिक्षा कर रे, लांब आहे.

धाकटा: अर्ध्यापर्यंत चालू, मग करू. चल, हात दे.

ताई: अरे, किती भरभर!

धाकटा: बरं. तू पुढं हो, मी तुझ्या मागनं येतो.