पाच सर्वरांचे पाच हार

मी दूध संघाचे सर्वर सांभाळतो, तर चेअरमन दादा म्हणले, "पाच सर्वर म्हणतूस, दिसतो तर एकच डबा!"

म्हणलं, "दादा, त्याच्यातच पाच चालतेत. दिसत न्हाईत."

गेल्या दसऱ्याच्या पूजेला दादांनी चकलांब्याहून झेंडूचे पाच जाडजूड हार आणले. "एकबी रुसाय नको," म्हणत सगळे त्याच डब्यावर चढवले. पंख्याची जाळी झाकली, डबा तापला अन् पाची सर्वर एकदम बंद! दुधाची नोंद थांबली, बाहेर कॅनांची ही रांग. हार काढले तवा कुठं चालू झाले.

यंदा दादा हात हलवतच आले. डब्याला हवेतच पाच हार घातले. मी पेढ्यासाठी हात पुढं केला, तर मोकळी चिमूट तळहातावर ठिवून म्हणले, "घे. पाच हायेत, दिसत न्हाईत."