कायमची रात्रपाळी

बागबाजारच्या ट्रामची वाट पाहत दोघी माझ्यापुढे मोठ्याने मराठीत बोलत होत्या. इथे बंगाली गर्दीत कुणाला कळणार, असा त्यांचा भरवसा. एक नर्सच्या पांढऱ्या साडीत होती.

"हेमा, मिळाली का गं दिवसपाळी?"

"मी कायमची रात्रपाळी मागितली, उज्ज्वलाताई."

"वेडी की काय! रात्री टळल्या म्हणून बाकीच्या नर्स रसगुल्ले भरवतील तुला."

"सासऱ्यांना अंथरुणातून उठवत नाही. दिवसा त्यांच्याजवळ मी, रात्री हे. नाहीतर नोकरीच सोडावी लागली असती."

"मग मेट्रन काय म्हणाल्या?"

"दिली. पण सही करता करता विचारलं, तू झोपणार कधी?"

"खरंच, कधी गं?"

"घरी कुणी असं विचारलंच नव्हतं."