खिंडीतला भात

ऐका रं. आणि हसायचं असंल तर आताच हसून घ्या, मधी कुणी फिदीफिदी केलं तर मी चाललो झोपाय.

दिवा लागल्यावर निघालो मी. एकटा. माझी ठकू, सात वर्साची पोर, तीन दिस तापानं फणफणलेली. अन्नाचा कण पोटात न्हाई. करवंदीच्या खिंडीपलीकडं वैद ऱ्हायचा, त्याच्याकडनं औषध आणायचं हुतं.

खिंडीत शिरलो आणि वास आला. भाताचा! ऊन ऊन, नव्या तांदळाचा. तिथं चूल कुठली? आपल्यात रीत हाय, रानात असा वास आला की मोठ्यानं म्हणायचं, "जेवलो गं बाई," आणि चालू लागायचं. मी म्हनलो न्हाई. शाना ना मी! उदमांजरं धरणारा. त्या जनावराच्या अंगाला भाताचा वास येतो, हे मला ठावं. पिंजऱ्यात कोंडायचं, शेपटीखालची कस्तुरी खरवडायची, अत्तरवाल्याला द्यायची, हाच माझा धंदा. म्हनलं, असंल एखादं झाडावर.

वास मागं मागं आला. मग भांड्यावर पळी वाजली. मग जाळ दिसला, पर धूर न्हाई! आणि बाईचा आवाज, अगदी कानाशी, "जेवलास?"

आरं, तवा तरी जेवलो म्हणायचं! आणि तोंडातनं निघालं काय? "माझं ऱ्हाऊ दे बाई, माझी पोर तीन दिस उपाशी हाय."

"माझी बी हुती," ती म्हनली. "तिघं. ढोलीत. तू ऐकलंस की."

ऐकलं हुतं, बाबांनो. आई माझ्या पिंजऱ्यात आणि पिल्लं झाडाच्या ढोलीत. तीन राती वरडली. चौथ्या रातीला गप. देवाशप्पथ सांगतो, जीव तुटला माझा. तरी पिंजरा उघडला न्हाई. मग ती बी पिंजऱ्यातच मेली.

"तुझ्या पोरीला वाढते मी," म्हनली, आणि जाळ विझला.

पळालो! औषध ऱ्हायलं, वहाणा ऱ्हायल्या. मागनं पोटरीला नखं लागली, हा बघा वण. कसाबसा घरात शिरलो तर बायको हसतीया. "अवो, ताप उतरला! जेवले म्हणतीया." चूल तर गार. ठकू उठून बसलेली. म्हनली, "आबा, लई ग्वाड भात हुता." तिच्या तोंडाला त्योच वास.

तांबडं फुटायच्या आत गेली पोर.

त्या खिंडीनं जाऊ नगा. गेलाच आणि वास आला, तर जेवलो म्हणा. पोटात कावळे वरडू द्या, तरी म्हणा. आणि घरी कोण उपाशी हाय, ते तर सांगूच नगा.

आमच्यात तवापासून भात शिजत न्हाई. टोपल्यात भाकरी हाय. खा आणि पडा गप.