मास्तरांच्या डबीतली गाय

...आणि वर म्हणतात कसे, 'घ्या की! न्या!' अहो, न्या काय न्या? ही काय रीत झाली? तुम्हाला सांगतो, त्या एका नाण्यासाठी मी टेलरमास्तरांच्या दुकानाचे उंबरठे झिजवले, दर रविवारी, न चुकता, आणि दर रविवारी मशीनवरून मान वर न करता त्यांचं एकच उत्तर, 'नाही म्हणजे नाही!'

आम्हा दोघांना खूळ एकच, आफ्रिकेतली नाणी, त्यातही शेतीवाली, खास निमित्तानं काढलेली. हसा, हसा! बायकोही हसते. 'लोक सोनं जमवतात, आमचे हे परमुलखातला भुईमूग जमवतात!' जमवतो! गांबियाचा भुईमूग आहे माझ्याकडे, झांबियाचं मक्याचं कणीस आहे... पण युगांडाची गाय? वासरू घेऊन उभी असलेली, चांगलं थोरलं नाणं? ती मास्तरांकडे, बटणांच्या डबीत, कापसावर! मी म्हणायचो, 'मास्तर, कणीस घ्या, वर भुईमूग घ्या, पण गाय द्या.' की ते दातात सुई धरून, 'माझी गाय काय तुमच्या कणसाला भुलते होय? नाही म्हणजे नाही!' मग चहा. मग भांडण. मग डबी उघडून लांबूनच दर्शन, आणि मी जरा हात पुढे केला की, 'कडेनं धरा, कडेनं! बोटाचा डाग पडतो!' अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण पुढचा आठवडा कसा मजेत जायचा हो!

आणि एक दिवस मास्तरांनी गिऱ्हाइकाच्या शर्टाला तीन बाह्या लावल्या. आम्ही पोट धरधरून हसलो, मास्तरही हसले. मग कात्री कुठे ठेवली ते आठवेना, मग घराची गल्ली आठवेना, मग... मग त्यांच्या सूनबाईंनी दुकानाला कुलूप लावलं.

मी रविवारी त्यांच्या घरी गेलो. मास्तर खिडकीशी बसलेले. 'या, या, माप द्यायचंय?' मी आपलं नेहमीसारखं विचारलं, 'मास्तर, गाय देता का?' तर डबी उघडली, अंगठा सरळ गाईच्या तोंडावर दाबला आणि नाणं ठेवलं माझ्या तळहातावर! 'घ्या की! न्या! नुसती पडून आहे.'

पडून आहे! इतकी वर्षं जीव टांगला होता जिच्यावर ती हातात, आणि मला रडू आवरेना. सूनबाई म्हणाल्या, 'काका, न्या खरंच, त्यांना आता काही कळत नाही.' अहो, म्हणूनच तर नको ना! त्या पाणी आणायला आत वळल्या तशी गाय गुपचूप परत डबीत ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी मागतोय, आणि मनात म्हणतोय, खेकसा मास्तर, एकदा खेकसा माझ्यावर... तर, 'घ्या की!'

काल तर मी मागायच्या आधीच डबी पुढे केली. 'घ्या ना हो, कुणीतरी घ्या.' आता कुणीतरी म्हणायला नको का? मीच म्हटलं मग, दात आवळून, अगदी त्यांच्याच आवाजात, 'नाही म्हणजे नाही!'

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग सूनबाईंना हळूच म्हणाले, 'भलताच हट्टी माणूस दिसतोय. चहा द्या त्याला.'

चहा झाला. भांडण तेवढं राहिलं.