लुक आफ्टर, लुक इनटू

भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या हॉस्पिटलात गिरिजा रक्त तपासून घ्यायला येऊन बसली होती. शेजारी एक कॉलेजातली मुलगी आणि तिची आई. आईचा तिथेच रिसेप्शनच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू होता. मुलगी आईची तयारी करून घेत होती, आणि ते ऐकत गिरिजाने हातातला मोबाइल कधीच बाजूला ठेवला होता.

"लुक आफ्टर?"

"काळजी घेणे."

"लुक इनटू?"

"आत डोकावणे."

"नाही गं आई! पेशंटने तक्रार केली की म्हणायचं, आय विल लुक इनटू इट. म्हणजे चौकशी करते."

"लुक तर तोच ना? नुसतं शेपूट बदललं की अर्थ बदलतो?"

"हो. पाठच करायचं ते."

"थांब. सासूबाईंना बघते म्हटलं तर काळजी घेते. बघून घेते म्हटलं तर भांडण. तसंच ना?"

"अय्या! हो, तसंच."

"मग हे आधी सांगायचंस ना!"

"बाबांचा फोन येतोय. घरी चला म्हणतील."

"वाजू दे. पुढचं विचार."

"मागच्या ठिकाणी हसले होते तुला. इथेही हसले तर?"

"पुढचं विचार, दिव्या."

"मंदा पाष्टे! अंदर आइए."

आई ओढणी सावरत आत गेली. दार अर्धवट उघडंच राहिलं. आतून इंग्रजीत प्रश्न आला, मग आईचं अडखळतं उत्तर, आणि पाठोपाठ दोघा-तिघांचं हसू. दिव्याने डोळे घट्ट मिटले. तेवढ्यात गिरिजाच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली नाही.

"हसून घ्या सर," आतून आवाज आला. "मग मी परत सांगते."