तो फोटो क्रॉप होणार नाही

हॅलो?… हं, बोल मैत्री… हो, दीक्षाच बोलतेय. तोंडात चपाती आहे म्हणून आवाज असा… नाही गं, बोल, जेवण होतच राहील.

हॉलवरच आहेस अजून?… काय पाठवलंयस?… आपल्या फोटो क्लबच्या प्रदर्शनाचं पोस्टर? थांब, बघते… अगं कर्वेनगर आहे हे, इथे रेंज गॅलरीत येते, डायनिंग टेबलावर नाही. खुर्ची गॅलरीकडे वळवू दे… हं, उघडलं…

मैत्री, हे काय आहे?

ते कळलं, मी आहे. पण हे काय आहे?… 'छान आलाय' काय! चार पुरुषांनी मला खुर्चीसकट उचललंय, ओढणी चाकात अडकलीय, तोंड आता किंचाळणार असं झालंय. आणि वर मोठ्या अक्षरात 'जिद्दीला पंख'. चौघांनी उचललेलं माणूस पोस्टरवर नसतं गं. पेपरात असतं, आतल्या पानावर, चौकटीत.

हसू नकोस… हसतेस तू, ऐकू येतंय मला.

हो, हो… अगं ऐक ना… ऐक ना! प्रदर्शन कशाचं आहे? पाणपक्ष्यांचं. मग पोस्टरवर पक्षी कुठेय? रोहित नाही, चित्रबलाक नाही, एखादा साधा बगळासुद्धा नाही. मी आहे. मी कधीपासून पाणपक्षी झाले?

कोणी ठरवलं?… जयसिंग सरांनी. वाटलंच. क्लबचे अध्यक्ष, सहलीचे म्होरके, आणि आता माझ्या तोंडाचे मालक. मला एक फोन करावासा वाटला नाही त्यांना? वाटेल कशाला, मी नाही म्हटलं असतं ना.

भाषण? कसलं भाषण?… उद्घाटनाला, मी?… विषय काय म्हणालीस? परत सांग… 'अपघाताकडून आकाशाकडे.' बरं. अगं, माझा अपघात बिबवेवाडीच्या चौकात झाला. पाण्याच्या टँकरने मागून उडवलं. त्यात आकाशबिकाश कुठे नव्हतं. टँकर होता.

बरं, हे भाषण ठोकायला मी हॉलमध्ये शिरणार कशी? दाराशी पायऱ्या आहेत… मागच्या दाराने. हो, माहितीये मागचं दार. केटररची पातेली जातात तिथून. म्हणजे पुढे पोस्टरवर मी, आणि मागून पातेल्यांबरोबर मी. काय मान आहे!

आई, नको, भात नको. फोनवर आहे मी… मैत्रीचा… हो, सांगते… आई विचारतेय तुला, घशाचं कसं आहे… बरी आहे गं ती, आई. बोलतेय व्यवस्थित. फारच व्यवस्थित बोलतेय.

हं. मैत्री, तू भिगवणच्या सहलीला नव्हतीस ना? मग तुला तिथलं काय सांगितलंय सरांनी?… 'दीक्षाने धमाल केली.' असं. आता मी सांगते, गप्प ऐक.

सर फोनवर म्हणाले होते, सगळं ॲक्सेसिबल आहे, निश्चिंत या. उजाडता उजाडता पोचलो. बसमधून पाहते तर पाण्यापर्यंत नुसता उतार, चिखल आणि दगड. ॲक्सेसिबल होतं, बरोबर आहे. म्हशींना होतं. मी म्हटलं, दोन फळ्या टाका, मागून एकाने खुर्ची धरा, मी उलटी उतरते. रोज उतरते मी असे रॅम्प, मला कळतं ते. माझं वाक्य संपायच्या आत चौघे आले आणि 'एक, दोन, तीन!' विचारणं नाही, काही नाही. एकाचा हात माझ्या काखेत. आणि सर आमच्यापुढे उलटे चालत फोटो काढतायत. 'दीक्षाताई, स्माईल प्लीज!'

हो, तोच हा फोटो. तोच!

मग खुर्ची होडीत मावेना. म्हणून खुर्ची काठावर ठेवली आणि मला होडीत ठेवलं… हो, 'ठेवलं'च म्हणणार मी. बसवलं असतं तर बसवलं म्हटलं असतं.

पुढे पाण्यात एक चिखलाचं बेट आहे, उथळसं. पलीकडे रोहितांचा, फ्लेमिंगोंचा थवा. सगळे खाली उतरले, पँट वर दुमडून. सर मला म्हणाले, 'तुम्ही आराम करा, आम्ही आलोच.' आराम! पहाटे उठून, पाठीला पट्टा बांधून, मांडीवर एवढी लेन्स घेऊन मी भिगवणला आराम करायला गेले होते.

कोण, होडीवाला? सोनबा. होता ना. टॉवेल तोंडावर घेऊन आडवा झाला तो… नाही गं, त्याने काही केलं नाही. झोपला. झोपू दे की, रात्रभर जाळी लावत होता म्हणे.

आणि मग, मैत्री… थांब, हे नीट सांगायचंय मला.

मग रोहित आले. होडी हलत नव्हती, मी हलत नव्हते. चरत चरत आमच्याकडेच आले सगळे. माना उलट्या पाण्यात, आणि सारखा एक आवाज चाललेला. पंगतीत सगळे एकमेकांशी हळू बोलतायत ना, तसा. मी होडीच्या कडेवर दाण्यांची छोटी पिशवी ठेवून लेन्स टेकवली होती. पाण्याच्या पातळीवर होते मी, त्यांच्या डोळ्यांसमोर डोळे. त्यातला एक एवढा जवळ आला की लेन्स फोकस घेईना. काय करणार? कॅमेरा खाली ठेवला आणि नुसती बघत बसले. डोळा पिवळा असतो गं त्याचा. पिवळाधमक, छोटासा. त्याला माझं काही पडलेलं नव्हतं. खुर्ची नाही, जिद्द नाही, काही नाही. अपघातापासून कोणी असं बघितलं नव्हतं माझ्याकडे.

…

नाही, रडत नाहीये. आईने मिरची जास्त घातलीय.

आणि तेवढ्यात टाळ्या.

टाळ्या गं! बेटावरून! सर आणि ती सगळी मंडळी, हात वर करून टाळ्या, 'हो-हो' करून ओरडणं. कशाला म्हणजे? पक्षी उडावेत म्हणून! चरणाऱ्या पक्ष्याच्या फोटोला कोण विचारतंय, सगळ्यांना उड्डाण हवं. पंख लाल, मागे सूर्य, झालं.

रोहित पटकन उडत नाही मैत्री, आधी पाण्यावरून धावतो. अख्खा थवा धावत सुटला. एक करडं पिल्लू होतं, अजून रंग न चढलेलं. ते धावलं, पडलं, परत धावलं. त्याला वर उठताच येईना. थवा गेला आमच्या डोक्यावरून आणि ते मागे एकटं. शेवटी उडालं, पण भलत्याच दिशेला. सोनबा दचकून उठला. मी ओरडत होते, 'अहो, थांबा!' ऐकतंय कोण. म्हणून मी जे करायला आले होते ते केलं. फोटो काढला.

तोच. तोच मी प्रदर्शनाला दिलाय. वर थवा, खाली पाणी पिसाटलेलं, आणि मागे लाल टोपी घालून हात वर केलेले आपले जयसिंग सर, तोंड उघडं. रोहितांपेक्षा शार्प आलेत.

परत येताना बसमध्ये सर काय म्हणाले ऐकायचंय? 'असा टेक-ऑफ मिळायला नशीब लागतं.' मी नशिबाचाच फोटो काढलाय, मैत्री. टोपीसकट.

हं… काय?… निवडला? परीक्षकांनी निवडला?… अगं मग हे आधी नाही का सांगायचं!… बाहेरचे परीक्षक होते, नावं झाकलेली… पहिला? पहिला नंबर?

बरं, आवाज असा का पडलाय तुझा?… 'पण' काय?

क्रॉप.

थोडंसं खालून क्रॉप. म्हणजे माणसं काढायची आणि थवा ठेवायचा. मग उरतं काय? सांग ना, उरतं काय? जयसिंग सरांचा फोटो उरतो!

अच्छा… अच्छा. म्हणजे पोस्टर, भाषण, 'छान आलाय', ते सगळं ह्यासाठी चाललं होतं. आधी हार घालायचा, मग मान खाली करायला सांगायची. मैत्री, तू? कॉलेजात प्राध्यापकांना तोंडावर चूक सांगायचीस तू.

…

हा खोकला कोणाचा?

नाही, तुझा नाही. पुरुषाचा आहे. फोन स्पीकरवर आहे का?… मैत्री, स्पीकरवर आहे का फोन?

वा. नमस्कार सर. केव्हापासून ऐकताय आपण?… पहिल्यापासून. मग बरंच झालं, परत सांगायला नको. टोपी छान आलीय आपली.

हो… हो… क्लबचं नाव, समजलं… नाही सर, मी क्लबचं नाव खराब केलेलं नाही. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. बाकी सगळं आपण केलंत… 'सगळेच करतात'? असेल. मग सगळ्यांचे फोटो काढायला हवेत, मी एकटी कुठे कुठे पुरणार?

विशेष पुरस्कार? कशाचा?… प्रेरणेचा. नको सर. मला पहिला नंबर मिळालाय, फोटोचा. तो पुरे.

काय म्हणालात?

परत बोला… 'आम्ही तुम्हाला नेलं, हे विसरू नका.'

…

'दुसरं कोण नेणार आहे तुम्हाला.'

हं.

नाही, आहे मी लाइनवर.

खरं आहे सर, आपण म्हणता ते. नाही नेणार कोणी. दोन क्लबना विचारलं होतं, दोघांनीही इन्शुरन्सचं कारण सांगितलं. एकटीला गाडीतून उतरता येत नाही, आई सत्तरीची आहे. कदाचित भिगवण माझं शेवटचंच झालं. गच्चीवरची कबुतरं काढेन मी आता. पण ते करडं पिल्लू पडताना मी पाहिलंय, आणि आपण टाळ्या वाजवताना मी पाहिलंय, आणि आता ते मी पाहिलंच नाही असं करायचं, म्हणजे आपण मला परत एकदा उचलून हवं तिथे ठेवायचं. ते नको. फोटो आहे तसा लागेल, नाहीतर लागणार नाही. नाही लागला तर परीक्षकांना मी स्वतः कळवीन, का नाही लागला ते. आणि पोस्टर आज उतरवा. मला विचारलेलं नाही आपण.

ठीक आहे. आपल्याला काय करायचं ते करा… हो, नमस्कार.

…

गेले?… दार आपटलं का? इथपर्यंत ऐकू आलं.

मैत्री?… बोल की… आता स्पीकर काढलास? आता काढून काय उपयोग… रडू नकोस. अगं, घसा बसलाय ना तुझा, त्यात रडतेस कशाला… ऐकतेय… ऐकतेय मी…

हो, राग आलाय. पुष्कळ. लगेच नाही जाणार. उद्याही फोन केलास तर तुसड्यासारखीच बोलेन, परवा बघू… ते तू ठरव. मी नाही सांगणार. किल्ल्या तुझ्याकडे, भिंत तुझ्याकडे, हातोडी तुझ्याकडे. सर तुला कमिटीतून काढतील, तेही खरं आहे. मला 'लाव' म्हणायला सोपं आहे, तोंड तिथे तुला दाखवायचंय.

…

काय?… नीट बोल, नाक पुसून बोल.

आत्ता? आत्ता लावतेस फोटो?… पोस्टर? दोन्हीकडचं उतरवलंस? फाडू नकोस गं, गुंडाळून ठेव, पाठकोरं वापरता येईल… हो… बरं. चढलीस स्टुलावर? पड मात्र नकोस, ह्या क्लबात एक खुर्ची पुरे आहे.

हं?… उंची? बाकीच्यांचे किती उंच लावलेत?… उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. साहजिक आहे.

नाही. उतर. स्टूल बाजूला कर. माझा खाली लाव… अजून खाली. खुर्ची ओढ एखादी, बस तिच्यात, समोर बघ. तिथे. तिथे ठोक खिळा.

वाकावं लागेल सगळ्यांना, माहितीये… वाकू देत.

ठेवते.