चारचा दिवा

छोटी — ऐक ना आधी. रविवारी मी फक्त अपडेट केलं, बाबांच्या घरात दिवे-पंखे चालवणारं सॉफ्टवेअर आहे ना, ते. ते कंटेनरमध्ये चालतं, म्हणजे बंद डबाच समज. जुना उचलायचा, नवा ठेवायचा. ठेवला, दिवे लागले, पंखा फिरला, मी शिट्टी वाजवत घरी आले.

चष्मिस — मग आता लॅपटॉप घेऊन ऑफिसच्या जिन्यात का बसलीयस?

छोटी — मीटिंगमधून पळाले. सरांना सांगितलं, पोट दुखतंय. सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणे तीन दिवस झाले, बाबांचे हात इतके थरथरतायत की शर्टाची बटणं काकू लावून देतात. आज कप फुटला.

चष्मिस — कंपवाताच्या गोळ्या घेत नाहीयेत?

छोटी — दिवा सांगेल तेव्हा घेतात. सकाळी आठला आणि दुपारी चारला फ्रिजवरचा दिवा पिवळा होतो, ते गोळी घेतात, बटण दाबून दिवा घालवतात. मीच बसवून दिलंय, मोठ्या तोऱ्यात. आणि नव्या डब्याला आपल्याकडची वेळ सांगायला विसरले, तो साडेपाच तास मागे चालत राहिला. आठचा दिवा दुपारची जेवणं झाल्यावर लागायचा, चारचा रात्री ते झोपल्यावर, आणि ते उठायच्या आत आपोआप विझायचा.

चष्मिस — म्हणजे दुसरी गोळी...

छोटी — तीन दिवस नाहीच. आज काकूंचा फोन आल्या आल्या सकाळची घ्यायला लावली. डॉक्टर म्हणाले, चारची चारलाच द्या. वेळ दुरुस्त केलीय, पाच वेळा तपासलीय. किती वाजले?

चष्मिस — दोन मिनिटं आहेत. पाय हलवू नकोस, अख्खा जिना हलतोय. पण दिवा उशिरा लागतोय हे त्यांना कळलं नाही?

छोटी — कळलं की. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, वाटलं डॉक्टरांनी वेळ बदलली असेल, आणि तू तिकडे बसून बदललीस. तू लावलेलं चुकेल कसं.

चष्मिस — अगं, रडतेस काय. चार वाजले बघ.

छोटी — इथे तर दाखवतंय, लागला. पण रविवारीही सगळं लागलेलंच दाखवत होतं.

(फोन वाजतो. ती स्पीकर लावते.)

बाबा — छोटे, दिवा पिवळा झाला गं. घेऊ ना गोळी?

छोटी — घ्या, बाबा. लगेच घ्या. घड्याळात चारच वाजलेत ना?

बाबा — चारच. घेतली बघ. बटणही दाबलं, दुसऱ्या खेपेला.

छोटी — बाबा, यापुढे दिवा जरा जरी मागेपुढे झाला ना, तर मला फोन करायचा. मी कामात असले तरी करायचा.

बाबा — बरं. आणि वेळेवर लागला, तर नाही करायचा का?